आयबीडीची औषधं आणि नसांचे त्रास: मुंग्या, कंप, तोल, डोकेदुखी यांचा माग कसा काढायचा

आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारे आजार, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यांचा पेशंट "पायाला मुंग्या येतात" किंवा "हात कापतात" म्हणाला की घरात एकच उत्तर तयार असतं: अशक्तपणा आहे, बी-ट्वेल्व्ह घे. कधी ते बरोबरही निघतं. पण त्या मुंग्यांमागे मेट्रोनिडाझोल असू शकतं, टीबी टाळण्यासाठी दिलेली आयसोनियाझिड असू शकते, बायोलॉजिक (सूज आवरणाऱ्या प्रथिनाचं) इंजेक्शन असू शकतं. आणि हाताच्या कंपामागे दुसऱ्याच डॉक्टरांनी ॲसिडिटीसाठी लिहून दिलेली कॅप्सूल. यातलं एखादं औषध त्याच दिवशी थांबवावं लागतं. एखादं मात्र अचानक सोडलं तर जिवावर बेततं. कोणतं कुठलं, हे लक्षण किती जोरात आहे यावरून कळत नाही, तारखांवरून कळतं. म्हणून कामाला सुरुवात कागदापासून करायची.

सगळ्या गोळ्या, सगळ्या तारखा

घरातले गोळ्यांचे सगळे पत्ते एका ताटात काढा. आतड्याच्या डॉक्टरांनी दिलेले तर हवेतच, शिवाय पाठदुखीच्या, झोपेच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, वैद्यांच्या पुड्या, ऑनलाइन मागवलेले पावडरचे डबे, सगळं. इंदूरच्या एमवाय रुग्णालयाजवळच्या दवा बाजारात तेच औषध दर महिन्याला वेगळ्या कंपनीचं हातात पडू शकतं, त्यामुळे पुढचं मोठं नाव वाचून उपयोग नाही. मागच्या बाजूची घटकांची बारीक ओळ वाचा. दोन वेगळ्या नावांखाली एकच औषध दोनदा पोटात जाणं ही अगदी नेहमीची गडबड आहे. दुकानदार कात्रीने पत्ता कापून चारच गोळ्या देतो तेव्हा नावाचा तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. अशा वेळी बिल मागून घ्या आणि ठेवा.

वहीत प्रत्येक औषधासमोर पाच गोष्टी: घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सुरू केल्याची तारीख, डोस बदलल्याची किंवा बंद केल्याची तारीख. लक्षणं वेगळ्या पानावर. "बरेच दिवस मुंग्या" असं लिहू नका. "१८ जुलैपासून दोन्ही पायांच्या बोटांना, रात्री जास्त, चादर लागली तरी जळजळ" असं लिहा. ही दोन पानं शेजारी ठेवली की निम्मं निदान तिथेच होतं.

"चक्कर" हा शब्द एकट्याने लिहू नका. खोली गरगर फिरते, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं साफ असूनही पाय भलतीकडे पडतात? पहिल्यात कानाचा संशय येतो, दुसऱ्यात रक्तदाब, जुलाबाने आटलेलं पाणी किंवा रक्त कमी असणं, आणि तिसऱ्यात लहान मेंदू किंवा पायांच्या नसा. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

औषध सुरू होण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

नवीन औषध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आणि नंतर दर महिन्याच्या एक तारखेला, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन हे करा. तुलना स्वतःशीच करायची आहे, शेजाऱ्याशी नाही.

डोळे मिटून झोपा. दुसऱ्याने कापसाचा बोळा पायाच्या अंगठ्याला, घोट्याला, मग गुडघ्याला टेकवायचा. टेकवला की तुम्ही "हो" म्हणायचं. मग फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा त्याच जागांवर. गुडघ्याला गार लागणारा चमचा अंगठ्याला नुसताच "काहीतरी लागलं" असं वाटत असेल तर ती नोंद महत्त्वाची. त्यानंतर फरशीच्या सांध्याच्या सरळ रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चाला. मग पाय जुळवून, डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहा; पडण्याची भीती असते, म्हणून सोबतच्याने हाताच्या अंतरावर उभं राहायचं. हात छातीवर बांधून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठा, बसा, आणि लागलेले सेकंद लिहा. एक वाक्य आणि एक गोल गोल चकली कागदावर काढा, खाली तारीख टाका. कंप वाढतोय का, हे आठवणीपेक्षा तीन महिन्यांच्या तीन चकल्या जास्त खरं सांगतात.

शेवटची तपासणी डोळ्यांची. कुंकवाची लाल डबी हातभर अंतरावर धरा, आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना लाल रंग सारखाच गडद दिसला पाहिजे. एका डोळ्याला तो फिका, विटकरी दिसला तर डोळ्याच्या नसेवर सूज असू शकते, आणि अक्षरं अजून नीट वाचता येत असली तरीही हा बदल दिसतो. बायोलॉजिक घेणाऱ्यांनी ही एक तपासणी तरी चुकवू नये.

घरी सगळं ठीक आलं म्हणजे नसा ठीक आहेत, असं मात्र नाही. त्रास होत असेल तर तपासणी काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगा.

मेट्रोनिडाझोल: इथे बेरीज करायची

फिस्टुला (आतड्यापासून त्वचेपर्यंत पडलेली वाट), गुदद्वाराजवळचा गळू, पाउचायटिस (मोठं आतडं काढल्यावर बनवलेल्या पिशवीची सूज), ऑपरेशननंतर क्रोन्स परत येऊ नये म्हणून, अशा कारणांसाठी ही गोळी आयबीडीत आठवडेच्या आठवडे चालते. साध्या जुलाबाला पाच-सात दिवस घेतली तर नसांची काळजी सहसा नसते. धोका एकूण साठलेल्या मात्रेशी बांधलेला आहे: चार आठवड्यांहून जास्त दिवस, किंवा एकूण ४२ ग्रॅमच्या वर गेलं की नसांचा त्रास स्पष्टपणे वाढलेला दिसतो.

हिशोब सोपा आहे. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा म्हणजे रोज १.२ ग्रॅम. ४२ भागिले १.२ म्हणजे ३५ दिवस. ३ जुलैला सुरू केली तर ६ ऑगस्टला ४२ ग्रॅम पूर्ण होतात. ती तारीख सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि तिच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा: पुढे चालू ठेवायची का, डोस कमी करता येईल का, दुसरं काही आहे का? आधीच्या वर्षी घेतलेला कोर्सही त्यांना सांगा. ४२ ग्रॅम ही कुंपणाची तार नाही, त्याच्या आतही कुणाला त्रास होतो. मधुमेह, दारू, किंवा आधीच बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर लवकर होतो.

सुरुवात जवळपास नेहमीच दोन्ही पायांच्या बोटांपासून, सारखी. मुंग्या, जळजळ, सुया टोचल्यासारखं, मग मोजा घातल्यासारखा बधिरपणा वर चढतो, हात नंतर. पहिल्या मुंग्यांनाच फोन करायचा. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं, आणि ते होईपर्यंत तो डोस लांबवला तर चालतो. "कोर्स पुरा केला पाहिजे" हे वाक्य इथे लागू नाही. बंद केल्यावर मुंग्या दुसऱ्या दिवशी जात नाहीत, बहुतेकांना आठवडे ते महिने लागतात. आणि जितके दिवस त्रास सहन करत गोळी चालू ठेवली, तितकी काही बधिरपणा कायमचा राहण्याची शक्यता वाढते.

याच औषधाचा दुसरा, विरळा पण ओळखता यायलाच हवा असा परिणाम लहान मेंदूवर होतो. जीभ जड होते, शब्द एकमेकांत अडकतात, चालताना तोल जातो, कप तोंडापर्यंत नेताना हात हेलकावतो. घरच्यांना प्यायल्यासारखं वाटतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या डेंटेट केंद्रकांवर सारखे पांढरे डाग दिसतात, आणि औषध थांबवलं की ते बहुतेक वेळा पुसले जातात. रेडिओलॉजिस्टला मेट्रोनिडाझोल चालू असल्याचं सांगितलेलं नसेल तर रिपोर्टात भलत्याच आजारांची यादी येते. एमआरआयच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून घ्या.

तोंडाला धातूसारखी चव आणि गडद लघवी या त्रासदायक पण निरुपद्रवी गोष्टी. दारू मात्र नको, शेवटच्या गोळीनंतर तीन दिवसांपर्यंत. काही पातळ औषधांतही अल्कोहोल असतं. आणि नाव बदललं म्हणून सुटका नाही: टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही त्याच घरातली. पोट बिघडलं की दुकानातून सहज मिळणाऱ्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या जोडगोळीत हे भावंड असतंच, आणि पुढे ज्याचं वर्णन आहे त्या सिप्रोफ्लॉक्सासिनचंही एक भावंड असतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन

मेट्रोनिडाझोलला वेळ लागतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घाई करतं. नसांचा दाह पहिल्या काही दिवसांतही सुरू होऊ शकतो आणि कधी कायम राहतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१३ साली या गटाच्या औषधांवरचा इशारा कडक केला. याशिवाय झोप उडणं, बेचैनी, वयस्कांमध्ये गोंधळल्यासारखं बोलणं, आणि फिटचा आजार असलेल्याला फिट येणं. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि तेव्हाचा घाम, कंप, भरकटलेलं बोलणं लोक "औषधाची गरमी" म्हणून सोडून देतात. आधी साखर मोजा.

दोन जोड्या मुळीच जमत नाहीत. पाठदुखीसाठी टिझानिडिन घेत असाल तर सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत रक्तदाब कोसळतो आणि माणूस गुंगीत जातो. ही जोडी वर्ज्य आहे. दम्यासाठी थिओफिलिन असेल तर ते रक्तात साठून कंप आणि फिट येऊ शकते. स्टिरॉइड चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर टाचेमागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटण्याचा धोका वाढतो. टाच दुखून पाऊल टाकवत नसेल तर ती नस नाही, टेंडन आहे. चालणं बंद करा आणि फोन करा.

गोळी दुधा-दह्यासोबत घेतली तर अंगी लागत नाही. इंदूरच्या सराफ्यातली शिकंजी लिंबाची नसते, दुधाची असते, हे गोळीच्या वेळी लक्षात असू द्या. लोह, कॅल्शियम, झिंक, अँटासिड यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी गोळी घ्यायची.

आयसोनियाझिड आणि बी-सिक्स: तिहेरी मार

इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिमुमॅब ही बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबची गोळी सुरू करण्याआधी आपल्याकडे सुप्त टीबीची तपासणी होते, आणि ती पॉझिटिव्ह आली की अनेकांना आयसोनियाझिड लागते, नेहमी ३०० मिलिग्रॅम रोज, सहा महिने. ही गोळी शरीरातलं बी-सिक्स, म्हणजे पायरिडॉक्सिन, खाऊन टाकते आणि पायांना मुंग्या आणते. उपाय स्वस्त आणि साधा: सोबत रोज १० ते २५ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन. चिठ्ठीवर ते नसेल तर विचारा. काही वेळा दुकानात नुसतं पायरिडॉक्सिन नसतं म्हणून "नंतर घेऊ" होतं आणि ते राहूनच जातं.

आता फिस्टुला असलेल्या क्रोन्सच्या पेशंटची वही उघडा. बायोलॉजिकची तयारी म्हणून आयसोनियाझिड चालू आहे, फिस्टुलासाठी मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू आहे. नसांना इजा करणारी तीन औषधं, एकाच महिन्यात, तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते, पण तिन्ही एकत्र फक्त तुमच्या वहीत दिसतात. वहीचं खरं काम हे आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. मुंग्या येतात म्हणून एक "नसांची" कॅप्सूल, वर एक मल्टिव्हिटॅमिन, वर इंजेक्शन, असं करत रोज १०० मिलिग्रॅमच्या वर बी-सिक्स महिनोन्महिने जात राहिलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं. पत्त्यांवरचे आकडे एकत्र मिळवून बघा.

बी-ट्वेल्व्ह: दोष औषधाचा नसतो तेव्हा

लहान आतड्याचा शेवटचा भाग आजाराने खराब झाला असेल किंवा २० सेंटिमीटरहून जास्त काढला असेल, तर बी-ट्वेल्व्ह शोषलंच जात नाही. त्यात शाकाहार, मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी, हे सगळं इंदूरच्या बऱ्याच घरांत एकत्र सापडतं. रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० म्हणजे संशय, तेव्हा मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी उपयोगी पडते. रक्त इंजेक्शनच्या आधी द्यायचं. एक सुई टोचून मग तपासणी केली तर आकडा छान येतो आणि निदान हुकतं.

सल्फासालाझिन किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना सोबत फॉलिक ॲसिड दिलेलं असतं, आणि ते हवंच. पण बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो, आणि आत पाठीच्या कण्यातल्या नसांचं नुकसान चालूच राहतं. या दोन औषधांवर असाल तर बी-ट्वेल्व्ह वर्षातून एकदा तरी मोजून घ्या. आतडं काढलेलं असेल तर गोळीवर भिस्त ठेवू नका, इंजेक्शनच लागेल का ते विचारा.

तोंडाभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हाताची बोटं आखडून जुळणं, हे वेगळं प्रकरण आहे. सतत जुलाबाने मॅग्नेशियम आणि कॅल्शियम उतरलं की असं होतं. ॲसिडिटीची गोळी लांबल्यानेही मॅग्नेशियम उतरतं. रक्ताच्या तपासणीत मॅग्नेशियम सहसा सांगितल्याशिवाय होत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं. आणि बरेच दिवस उलट्या होऊन खाणं बंद असेल, तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायला हवं. नाहीतर डोळे तिरळे होणं, तोल जाणं, भ्रमिष्टपणा असा बी-वन कमी पडल्याचा गंभीर त्रास ग्लुकोजमुळे उफाळतो. हे सोबतच्या माणसाने नर्सला आठवण म्हणून सांगितलं तर काही बिघडत नाही.

स्टिरॉइड: त्रास झाला तरी आपणहून थांबवायचं नाही

प्रेडनिसोलोन बहुधा ४० मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम असं उतरतं. पहिल्या आठवड्यातच झोप जाते, हात किंचित कापतात, बोलणं वाढतं, चिडचिड होते. सकाळी पोहे खाऊन पूर्ण डोस एकदम घेतला, रात्रीचा वाटा ठेवला नाही, तर बऱ्याच जणांची झोप सावरते. डॉक्टरांनीच दोन वेळांत विभागून दिली असेल तर त्यांना विचारून बदला.

मनावरचा परिणाम डोसप्रमाणे चढतो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोनवर तीव्र मानसिक लक्षणं ४० मिलिग्रॅमपर्यंत १.३ टक्के, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के, आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांत दिसली. पेशंटला स्वतःला हे जाणवत नाही, त्याला उलट छान वाटत असतं. रात्री तीनला कपाट आवरणं, अचानक मोठी खरेदी, घरच्यांवर संशय, भास, मरणाच्या गोष्टी: हे पाहण्याची जबाबदारी घरच्यांची. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्वभाव बिघडला असं समजून भांडत बसू नका; डोस उतरला की बहुतेकांचं मन पूर्ववत होतं.

महिन्या-दोन महिन्यांनी येतो तो स्नायूंचा अशक्तपणा. दुखत नाही, मुंग्या नसतात. पाटावरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना जड जातो, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात थकतो. मांड्या आणि खांदे यांचं बळ जातं, बोटांची पकड शाबूत राहते. स्नायूंची सीपीके ही रक्ततपासणी बहुधा नॉर्मल येते, म्हणून "रिपोर्ट चांगला आहे" ऐकून थांबू नका. खुर्चीवरून उठण्याचे वहीतले सेकंद दाखवा. इलाज म्हणजे स्टिरॉइड नियमाने उतरवणं, प्रथिनं आणि रोजचा हलका व्यायाम. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन चालू असताना एक-दोन दिवसांत अंग गळालं तर मात्र आधी पोटॅशियम तपासायला सांगा.

तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही: उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी. जुलाब-उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तेही अचानक बंद केल्यासारखंच आहे. इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. डोस उतरवताना डोकं सतत दुखणं, वाकल्यावर वाढणं, क्षणभर नजर झाकोळणं, कानात धडधड, असं झालं तर मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. असा दाब क्वचित मेसालामिननेही वाढतो, म्हणून ती "साधी" गोळी वहीतून वगळू नका.

बायोलॉजिक इंजेक्शनं

२०१४ च्या अखेरीस ॲडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीचं औषध) भारतात बाजारात आलं आणि ही औषधं मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात यायला लागली. बहुतेकांना नसांचा काही त्रास होत नाही. क्वचित मात्र इन्फ्लिक्सिमॅब-ॲडॅलिमुमॅब गटाने नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि कण्यातलं हेच आवरण खराब होण्याचा आजार) असलेल्यांना हा गट देत नाहीत, आणि सख्ख्या नात्यात तो आजार असेल तर सुरू करण्याआधी सांगायलाच हवं.

काय पाहायचं: एका डोळ्याची नजर काही दिवसांत धूसर होणं आणि तो डोळा फिरवताना दुखणं. मान खाली वाकवली की पाठीतून विजेचा झटका. छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. लघवी अडकणं. एका बाजूचा हात-पाय जड. किंवा दोन्ही पायांतून सुरू होऊन दिवसागणिक वर चढणारी कमजोरी. हे पहिल्या महिन्यात होऊ शकतं, दोन वर्षांनीही. पुढचं इंजेक्शन ठरल्या दिवशी आहे म्हणून टोचून घेऊ नका. न्यूरॉलॉजिस्टचं मत येईपर्यंत ते पुढे ढकला. काही दिवसांच्या उशिराने आतड्याचं जे व्हायचं ते सावरता येतं. त्रास या औषधाचाच ठरला तर सहसा संपूर्ण गटच बंद करून वेडोलिझुमॅब किंवा उस्टेकिनुमॅबचा विचार होतो.

इन्फ्लिक्सिमॅबचं सलाइन चालू असताना डोकं दुखलं तर नर्सला सांगा, वेग कमी केला की पुष्कळदा थांबतं. पण आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, वागण्यात फरक, हे टीबीचा मेंदूज्वर असू शकतं; सुरुवातीची तपासणी निगेटिव्ह होती म्हणून निर्धास्त राहू नका.

इंटरनेटवर "बायोलॉजिकने मेंदू पोखरणारा पीएमएल होतो" असं वाचून घाबरलेले लोक भेटतात. ती भीती मुख्यतः नॅटालिझुमॅबची आहे. ते २००५ साली बाजारातून काढलं आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आलं. वेडोलिझुमॅब आतड्यापुरतं काम करतं.

बाकीची, थोडक्यात

सायक्लोस्पोरिन गंभीर कोलायटिसमध्ये दवाखान्यात देतात. हाताचा बारीक कंप आणि तळव्यांची जळजळ नेहमीची. मॅग्नेशियम किंवा कोलेस्टेरॉल कमी असेल तर फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून आधी दोन्ही मोजतात. चकोत्रा (ग्रेपफ्रूट) खाऊ नका, औषध रक्तात साठतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच: पत्त्यावर वाराचं नाव पेनने लिहा, कारण ते रोज घेणं ही जीवघेणी चूक आहे. आठवड्याच्या डोसनंतर दुसऱ्या दिवशीचं जड डोकं सहसा आपोआप उतरतं. टोफासिटिनिबवर नागीण येण्याचं प्रमाण जास्त आहे. पुरळाच्या दोन-तीन दिवस आधी एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते, आणि पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. डोळ्याजवळ किंवा कानाजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा. थॅलिडोमाइडने नसा हमखास तपासत राहाव्या लागतात.

वहीत न लिहिलेल्या गोळ्या

सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा लेवोसल्पिराइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने घेतल्यावर, खास करून साठीच्या पुढे, चाल संथ होते, चेहरा निर्विकार दिसतो, हात कापतो, जबडा आपोआप हलतो. यावर पार्किन्सनचं औषध सुरू होण्याआधी पत्त्याची मागची बाजू वाचली गेली पाहिजे. मळमळीसाठीच्या मेटोक्लोप्रामाइडने तरुणांमध्ये काही तासांत मान वाकडी, डोळे वर, जीभ बाहेर असं होतं. ती फिट नाही, आणि योग्य इंजेक्शनने मिनिटांत उतरते. ट्रमाडॉलने मात्र खरी फिट येऊ शकते, नैराश्याच्या गोळ्यांसोबत तर जास्तच.

क्विनिओडोक्लोर, म्हणजेच क्लिओक्विनॉल, या जुन्या जुलाबाच्या औषधाने जपानमध्ये हजारो लोकांच्या नसा आणि नजर गेली. तिथे १९७० साली त्यावर बंदी आली. घरात जुना पत्ता असेल तर टाकून द्या. भस्मं आणि बिनलेबलच्या पुड्यांत शिसं किंवा पारा सापडलेला आहे, आणि शिशाने पोटात कळा आणि मनगट लुळं पडणं दोन्ही होतं, म्हणजे क्रोन्स वाढल्यासारखं वाटतं. रक्तातलं शिसं मोजता येतं, मागून घ्या.

रात्री-अपरात्री थांबायचं नाही असं

कधीच नव्हती अशी डोकेदुखी, त्यात उलट्या, धूसर नजर किंवा फिट: आजार उसळलेला असताना रक्त घट्ट होतं आणि मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. साध्या सीटीत ती नजरेतून सुटू शकते, "आयबीडी आहे, शिरेतली गुठळी बघा" असं स्पष्ट सांगा. तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी. चढत जाणारी कमजोरी आणि श्वास जड. लघवी अडणं आणि बसायच्या जागेचा बधिरपणा. ताप आणि मान ताठ. १०८ ला फोन करा आणि वही सोबत घ्या.

डॉक्टरांकडे

न्यूरॉलॉजिस्ट आणि आतड्यांचे डॉक्टर दोघांनाही तीच दोन पानं दाखवा. नसांच्या तपासणीला एनसीव्ही म्हणतात. जळजळ खूप असूनही ती नॉर्मल येऊ शकते, कारण बारीक नसा त्यात मोजल्याच जात नाहीत. तिच्यासोबत बी-ट्वेल्व्ह, साखर, थायरॉइड, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाहिलं जावं. उठताना तीन प्रश्न विचारा: कोणतं औषध आज बंद, कोणतं हळूहळू, आणि आतड्यासाठी त्याच्या जागी काय? तिसऱ्याचं उत्तर घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर महिन्याभरात नसा सुधारतात आणि रक्ती जुलाब परत येतात.

दोष एखाद्या औषधाचा ठरला की त्याचं नाव, वर्ष आणि त्रास फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहा, आणि त्याखाली त्याच्या भावंडांची नावंही: मेट्रोनिडाझोलखाली टिनिडाझोल, ऑर्निडाझोल. मग भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. पेशंट किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, आणि औषधाचं नाव, तारखा, मात्रा हे जे तिथे विचारतात ते तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे.